नोंद, नोंदणी आणि ‘जागा घेतली’

‘मुळशीत जागा घेतली’ हे वाक्य पुण्यात कुणीही चहा पिता पिता बोलून जातं. दस्त लिहिणाऱ्याला मात्र ते तसंच्या तसं कागदावर उतरवता येत नाही. घेतली म्हणजे नेमकं काय केलं, हे त्याला आधी विचारावं लागतं. साठेखत केलं, खरेदीखत केलं, की नुसती नोटरी? सह्या-अंगठे तिन्ही कागदांवर असतात, पैसेही तिन्ही वेळा मोजले जातात. पण साठेखत म्हणजे पुढे खरेदी-विक्री करायची असा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ स्पष्ट सांगतं की तेवढ्यानं त्या जमिनीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. विकणाऱ्यानं ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्यावं, असा आग्रह तेवढा धरता येतो. नोटरीपुढे झालेल्या कागदाला त्याहून कमी अर्थ. सही कुणी केली याची ती साक्ष, जमीन कुणाची झाली याची नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर नोंदणीकृत दस्त लागतो, आणि शंभर रुपयांत आज पिरंगुटला धड जेवणही होत नाही. लोकांना कायदा कळत नाही अशी तक्रार वकील मंडळी नेहमी करतात. मला ती अर्धीच पटते. जमिनीचे बरेच घोळ क्रियापदापाशी सुरू होतात. ‘घेतली’, ‘झाली’, ‘चढली’ ही क्रियापदं इतकी ऐसपैस आहेत की तीन वेगवेगळे व्यवहार त्यांत आरामात मावतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ ‘नोंद झाली’ या दोन शब्दांत आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त दाखल होतो, फोटो आणि अंगठे घेतले जातात, दस्ताला क्रमांक पडतो. ही नोंदणी, १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखालची. त्यानंतर तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात, मंडल अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नाव लागतं. ही नोंद, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाखालची. पहिल्या कचेरीतून बाहेर पडणारा आणि दुसऱ्या कचेरीतून बाहेर पडणारा, दोघंही घरी फोन करून एकच वाक्य सांगतात. मग फेरफार रद्द झाला की विकत घेणाऱ्याला वाटतं, खरेदीच बुडाली. उलट, वडिलांमागे वारस नोंदीत बहिणींची नावं राहून गेली की भावांना वाटतं, बहिणींचा हक्क संपला. दोन्ही समज चुकीचे. फेरफाराच्या नोंदीनं मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती महसुलाच्या कामापुरती असते, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे.

खुद्द सातबारा हातात घेऊन पाहा. त्यावर ‘मालकाचे नाव’ असा रकानाच नाही. तिथे छापलेलं आहे ‘भोगवटादाराचे नाव’. वर भूधारणा पद्धतीत ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. बाजूच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात कुळाचं नाव असतं, सोसायटीचा बोजा असतो. जुन्या उताऱ्यांत एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन साऱ्या कुटुंबाची. ही तीन अक्षरं वाचनातून गाळली की ‘आजोबांच्या नावावर होती’ याचं बघता बघता ‘आजोबांचीच होती’ होतं, आणि चुलत घराण्यांत दावे उभे राहतात.

यावर कुणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला. गावात सगळ्यांना कळतं कोण मालक ते. शिवाय त्याच १९६६ च्या अधिनियमाचं कलम १५७ सांगतं की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत सातबाऱ्यावरची नोंद खरी धरायची. हरकत खोटी नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस पुष्कळदा खरोखरच मालक असतो. पण कलमातला जोर ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या शब्दांवर आहे, आणि गावाचं कळणं गावापुरतं असतं. माण, भूगाव, बावधनकडची जमीन घेणारा आता गावातला राहिलेला नाही. त्याला दिसतो तो कागद, आणि कागदाचा अर्थ तो ऐकलेल्या वाक्यावरून लावतो. राहिली दुसरी हरकत, की न्यायालय दस्ताचं नाव पाहत नाही, आशय पाहतं. खरं आहे. पण न्यायालय ते पाहतं तेव्हा बहुधा एक पिढी सरलेली असते.

आणि गावातही ‘आमची जमीन’ या शब्दांचा अर्थ एकच होता असं नाही. १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. बुडणारी पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची होती आणि कसत होते मावळे. जमीन आमची, असं दोघंही म्हणत होते. पण मोबदल्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा सावकारांचा कल पैसे घेण्याकडे गेला, मावळ्यांना जमीनच हवी होती. कुळ म्हणून कसणाऱ्याला मालकीचा रस्ता कायद्यानं दिला तो पुढे, १९४८ च्या कुळकायद्यातून, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कुळ हे मानीव खरेदीदार ठरलं तेव्हा. तोवर मुळशीची ती खोरी पाण्याखाली गेलेली होती.

बोजड भाषा बोला असं माझं म्हणणं नाही. साठेखत, खरेदीखत, फेरफार, कुळ, बोजा हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. ‘डील फायनल झालं’पेक्षा कितीतरी नेमके. यापुढे कुणी लग्नाच्या पंगतीत ‘मुळशीत दोन गुंठे घेतले’ म्हणालं, तर अभिनंदन जरूर करा, पण दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीखही विचारा. दोन गुंठ्यांच्या बाबतीत १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.