गंगरेलचे पिठले

भिलाईत पाण्याकाठच्या सहलीचा विषय निघाला, की धमतरीजवळच्या गंगरेल धरणाचे नाव हमखास येते. महानदीवरचे हे धरण भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही पाणी पुरवते. अफाट जलाशय आणि नौकाविहार, बच्चेकंपनी खूश!

आमच्या चार बिऱ्हाडांच्या सहलीत एका उत्साही भावजींनी नावेतच पिठले करण्याचा घाट घातला. नावाडी नको-नको म्हणत होता. वाऱ्याने स्टोव्ह दोनदा विझला. तिसऱ्यांदा पेटला, तोच नाव कलली आणि पातेले उलटले. सुदैवाने पाणी अजून कोमटच होते. शेजारच्या चिमुरडीचा फक्त फ्रॉक भिजला. उकळते असते तर?

शिडाच्या मोठ्या नौकांवर शेगडी झुलती बसवतात. नौका कलली तरी भांडे सरळ राहते. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती पुरेशा तयारीनिशी. सहलीच्या नावेत तशी सोय कुठली?

तेव्हा गंगरेलला जरूर जा. नावेत बसताना मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीच घ्या. पिठल्याची चूल काठावर, परवानगी असेल तिथेच, आडोशाला आणि मुलांपासून दूर पेटवा. पिठले तिथेही तितकेच चविष्ट लागते!