तिकिटातला रुपया

डिसेंबरातली पहाट. खानदेशातल्या आमच्या सेक्शनवर कीमन रोजच्यासारखा हातोडी घेऊन लाइन तपासत निघाला होता. एका वेल्डपाशी, म्हणजे दोन रूळ जोडलेल्या जागी, तो थबकला. थंडीने रूळ आक्रसून वेल्ड तुटला होता, मध्ये बोटभर फट. त्याने लाल बत्ती दाखवली, पुढे धावत जाऊन गाडीला इशारा म्हणून रुळावर फटाके लावले, मग निरोप धाडला. आम्ही तुटलेल्या जागी जॉगल फिशप्लेट, म्हणजे तात्पुरत्या जोडपट्ट्या, बसवून क्लॅम्प आवळले आणि ताशी 20 किलोमीटरची वेगमर्यादा (कॉशन) लावून गाडी काढली. डब्यातली माणसं गाढ झोपेत होती.

पंजाबात खन्नाजवळ 26 नोव्हेंबर 1998 च्या पहाटे तुटलेला रूळ असा वेळेवर कुणाला दिसला नाही. एक गाडी घसरली, तिच्या डब्यांवर दुसरी आदळली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

रूळ आज बदलायचा तो पुढच्या वर्षी बदलला तरी उद्या सकाळी काही मोडत नाही. म्हणून पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री नूतनीकरणाला लागते. जुनी मालमत्ता बदलण्यासाठीच्या घसारा निधीत कमी पैसे टाकत गेल्याने शतक संपता संपता सोळा हजार किलोमीटरहून जास्त रूळ बदलायचे थकले होते. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या रेल्वे सुरक्षेवरच्या समितीने ही थकबाकी एकदाच आणि वेगळ्या पैशाने फेडा असं सुचवलं. त्यातून 1 ऑक्टोबर 2001 पासून 17,000 कोटींचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभा राहिला. त्यातले 12,000 कोटी सरकारचे. उरलेले 5,000 कोटी प्रवाशांनी अधिभार म्हणून द्यायचे होते, तिकिटामागे 1 ते 100 रुपये, वर्ग आणि अंतर पाहून.

सुरक्षितता म्हणजे काही वातानुकूलित डबा नव्हे. तिचे वेगळे पैसे प्रवाशाकडून का घ्यायचे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो मला पटतो. पण लाइनवर राहून मी जे पाहिलं तेही सांगायला हवं. या पैशाला कामांची मोजलेली यादी होती, मुदत होती आणि वर्ष संपलं म्हणून तो परत जात नव्हता. रूळ आले, कामासाठी गाड्या थांबवून ब्लॉक मिळाले, कामगारांच्या गँगा रात्र रात्र राबल्या. 2000-01 मध्ये 473 गंभीर अपघात झाले होते, 2006-07 मध्ये 195. सगळं श्रेय अधिभाराचं नाही, तरी नव्या रुळाचा वाटा मी कमी मानणार नाही.

रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकर समितीने 2012 मध्ये पुन्हा हिशेब मांडला: पाच वर्षांत एक लाख कोटी, आणि त्यासाठीच्या मार्गांत प्रवाशांवरचा सुरक्षा उपकरही होता. 2017-18 मध्ये तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष आला, पण उपकराशिवाय. दरवर्षी 15,000 कोटी अर्थसंकल्पातून आणि 5,000 कोटी रेल्वेच्या स्वतःच्या कमाईतून यायचे होते. महालेखापरीक्षकांनी पहिली चार वर्षं तपासली, तर रेल्वेच्या वाट्याच्या 20,000 कोटींपैकी 15,775 कोटी आलेच नव्हते. शिवाय प्राधान्याची नसलेली कामंही या कोषातून झाली होती. आयुष्यभर रुळावर राहिलेल्या माणसाला हे वाचवत नाही. पूर्वी रुपया प्रवाशाच्या खिशातून वेगळा मोजून घेतला जात होता, म्हणून त्याच्या नावाची यादी तरी होती.

उद्या पुन्हा अधिभार लावला तर मी तो देईन. मात्र या सेक्शनवर यंदा किती किलोमीटर रूळ बदलले, किती वेल्ड तपासले, किती थकले, हे तिकीट खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं मला दिसायला हवं. आमच्या त्या वेल्डच्या जागी पुढे मीटरला साठ किलो वजनाचा अखंड रूळ पडला. जॉगल फिशप्लेट निघाल्या त्या दिवशी कीमनने तिथे हातोडी मारून आवाज ऐकला, मान हलवली आणि पुढे चालू लागला.