पिकू द्या

गळू फोडायला एक ब्लेड आणि दोन मिनिटं पुरतात. कसब लागतं ते थांबण्यात. गाईच्या मानेवरची गाठ कडक आणि गरम असताना चीर दिली, तर हाती नुसतं रक्त येतं. काही दिवस शेक द्यायचा, आयोडीनचं मलम लावायचं. मधोमध बोट रुतायला लागलं, तिथले केस सुटले, की गळू पिकलं.

तरीही आधी जाड सुई. तिच्यातून दाट, पिवळट पू आला तरच ब्लेड उचलायचं. लाल पाणी आलं, तर मुक्या मारानं रक्त साकळलेलं असतं. त्याला घाई नको. वासराच्या बेंबीजवळची सूज मी सुईच्याही आधी दाबून बघतो. आत सरकली तर तो हर्निया, आणि त्यात आतडं असू शकतं.

2022च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी या त्वचारोगाची गुरं आढळली, आणि बघता बघता खानदेशातले गोठे गाठींनी भरले. त्या दिवसांत, "डॉक्टरसाहेब, फोडून टाका ना एवढ्या," ही विनवणी ठरलेली. पण लम्पीची गाठ ही कातडीच्या पूर्ण जाडीत बसलेली असते, आत पू नसतो. ती कापली की जखम चिघळते आणि पावसाळ्यात अळ्या पडतात. पुढे ज्या खरोखर पिकल्या, तेवढ्याच उघडायच्या.

चीर द्यायची ती गळवाच्या सर्वांत खालच्या बाजूला, म्हणजे पू आपोआप वाहत राहतो. तो मातीत सांडू न देता घमेल्यात धरायचा आणि पुरायचा. मग हातमोज्यातलं बोट आत घालायचं. आत पडदे लागतात, त्यांच्यामागे आणखी कप्पे. एखादा शिल्लक राहिला, तर पंधरवड्यात गळू पुन्हा वर येतं. सगळे मोकळे केले, पोविडोन आयोडीननं धुतलं, की गॉजची लांब पट्टी आत भरून टोक बाहेर ठेवायचं. रोज पट्टी बदलायची, रोज ती थोडी आखूड होते.

टाके का नाही, असं मालक हमखास विचारतात. जखम तळातून भरत वर यायला हवी. तोंड आधी मिटलं तर पू आतच कोंडतो.

मानेवरची बरीच गळवं अस्वच्छ सुईनं होतात. म्हणून पशुपालकांनो, प्रत्येक जनावराला नवी सुई मागून घ्या, गाठीवर डाग देऊ नका, आणि औषध चालू असेतो आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचं दूध डेअरीत घालू नका.