इंजिनाला गोडे पाणी

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायाविषयी लिहावे, असे स्मरणिका समितीने कळवले आहे. माझा व्यवसाय मालवण किनाऱ्यावरील लहान होड्यांची आउटबोर्ड इंजिने दुरुस्त करण्याचा आहे. होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले, पंखा पाण्यात आणि डोके बाहेर, असे हे यंत्र. ‘कोणत्या कंपनीचे इंजिन टिकते?’ असे मला नेहमी विचारले जाते. माझ्या मते हा वाद निरर्थक आहे. यामाहा असो वा सुझुकी, इंजिनाचे आयुष्य ठरते ते होडी किनाऱ्याला लागल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत.

हे इंजिन समुद्राच्याच पाण्याने थंड राहते. पंख्याच्या वरच्या अंगाला लहानसा पंप असतो. त्यातील रबरी चक्र (वसतिगृहाच्या विहिरीवरचा पंप ज्यांनी उघडलेला पाहिला, त्यांना अंदाज येईल) खारे पाणी वर ढकलते; ते सिलिंडरभोवती फिरून मागे बारीक धारेने बाहेर पडते. इंजिन बंद झाले की आत राहिलेला ओलावा सुकतो, मीठ मात्र तिथेच राहते आणि हळूहळू मार्ग बुजतात. किनाऱ्याजवळची वाळू रबराच्या पात्याही झिजवते.

आमच्या शेजारच्या वाडीतील दोघे भाऊ असेच अडकले. धार थांबलेली अंधारात दिसली नाही. इंजिन तापून पिस्टन सिलिंडरात जखडला. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. नांगर धरला म्हणून निभावले. पहाटे दुसऱ्या होडीने त्यांना दोर लावून ओढून आणले, तोवर घरची माणसे किनाऱ्यावरच बसून होती.

यावर उपाय साधा आहे : गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन दहा मिनिटे चालवावे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात आणि पिण्याचे पाणी स्त्रियांना दुरून डोक्यावरून आणावे लागते. त्यातला ड्रमभर भाग इंजिनाला द्या, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? मग चार-पाच होड्या एकच ड्रम वापरतात. शेवटच्या इंजिनाच्या वाट्याला जवळजवळ समुद्रच येतो! म्हणून मी पावसाचे पाणी टाकीत साठवतो आणि उन्हाळ्यात मागेल त्याला इंजिन धुण्यापुरते देतो. दुरुस्तीचे काम त्यामुळे घटले, हे खरे.

जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला जाऊन तेथील सील कापतो. गिअरचे तेल दुधाळ दिसू लागले, की आत पाणी शिरले असे समजावे. गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर कित्येक जण हौसेने रंग फासतात. मग तो तुकडा निकामी होतो.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात इंजिने माझ्याकडे येतात. धुऊन, कार्बोरेटर रिकामा करून, तेल बदलून ती उभीच ठेवायची. अशी इंजिने ऑगस्टमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतात.