बाब्या कोणाचा?

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. ती दुसऱ्याला चिकटवायची असते. गाण्याच्या स्पर्धेचा निकाल प्रेक्षकांच्या मतांवर लागला आणि विजेता लहानशा, दूरच्या प्रदेशातला निघाला, की ती हमखास चिकटवली जाते: आपला माणूस म्हणून मतं दिली, गाणं ऐकलं कोणी? पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा किताब २००५ साली मुंबईच्या अभिजीत सावंतला मिळाला. तेव्हा मराठी घरांतून गेलेल्या मतांपैकी सुरासाठी किती होती आणि आडनावासाठी किती, हा हिशेब आपण मागितला नव्हता. मोठ्या शहराचं मत म्हणजे आवड आणि डोंगरातल्या गावाचं मत म्हणजे प्रांताभिमान, अशी ही सोयीची वाटणी आहे. इथपर्यंत मला स्वच्छ दिसतं. पुढे मात्र गुंता वाढतो, आणि सगळ्यात जास्त वाढतो तो २००७ च्या तिसऱ्या पर्वात.

त्या वर्षीच्या अंतिम फेरीत कोलकाता पोलिसांत नोकरीला असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर होते. २३ सप्टेंबरला तमांग जिंकला. एकूण मतं सुमारे सात कोटी पडल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. २००१ च्या जनगणनेत दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या होती सोळा लाख. तमांगच्या गोरखा समाजाची वस्ती जिल्ह्याबाहेरही बरीच आहे, हे धरूनसुद्धा मेळ बसत नाही. तो बसतो नियमांत: एका फोनवरून हवी तितकी मतं देता येत होती आणि प्रत्येक संदेशाला पैसे पडत होते. म्हणजे मोजली जात होती ती डोकी नव्हेत, ईर्ष्या आणि खिसा. डोंगरात फॅन क्लब निघाले, निधी गोळा झाला. यात सुरावर अन्याय होतो, हा आक्षेप खराच आहे. अंतिम फेरीत परीक्षकांना बोलता येत होतं, निकाल फिरवता येत नव्हता. पण लिलाव मांडायचा आणि कुणी चढी बोली लावली की नाक मुरडायचं, हे काही बरोबर नाही. संदेशागणिक कमाई होणार असेल, तर आपलेपणा हा त्या व्यवसायाचा कच्चा मालच झाला.

तरी म्हणीची एक बाजू मला खटकत राहते. बाब्या घरात आधीपासून आहे, असं ती धरून चालते. शिलाँगमध्ये तसं नव्हतं. अमित पॉल बंगाली. आणि त्या शहरात खासी व बंगाली समाजांमधला ताण जुना आहे, १९७९ मध्ये तिथे दंगली झाल्या होत्या. तरीही त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन्ही समाज त्याच्या मागे उभे राहिले. मुख्यमंत्री डी. डी. लपांग यांच्या सरकारने तर त्याला शांतता आणि सलोख्याचा दूतच नेमलं. म्हणजे इथे मत आधी आणि बाब्या नंतर आला. मत देता देता ‘आपला’ कोण ते ठरत गेलं, आणि रक्ताच्या नात्याने ठरलं असतं त्याहून मोठं ठरलं. चार महिन्यांचा एकोपा दंगलींच्या आठवणी पुसतो का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणावं लागेल. पण त्या मतांना केवळ पक्षपात म्हणून मोडीत काढणंही मला जमत नाही.

राहिलं कार्टं. या मतदानात कुणाच्या विरोधात मत देण्याची सोयच नव्हती. म्हणीचा उत्तरार्ध आला तो निकालानंतर, आणि डोंगरातून नव्हे, राजधानीतून. दिल्लीच्या एका एफएम निवेदकाने थट्टा केली: गुरखा आयडॉल झाला, आता रात्रीची राखण कोण करणार? ही थट्टा आपल्यालाही परकी नाही. सोसायटीच्या फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत रात्र काढणारा, काठी आपटत फेरी मारणारा आणि महिनाअखेरीला दारात पैशांसाठी उभा राहणारा माणूस आपण वर्षानुवर्षं ‘गुरखा’ म्हणून ओळखतो. त्याचं नाव किंवा गाव विचारायची गरज कितीजणांना वाटते? थट्टेच्या निषेधात २८ सप्टेंबरला सिलिगुडीत मोर्चा निघाला, त्यातून हाणामारी झाली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. तमांगच्या पाठीराख्यांना एकत्र आणणाऱ्या बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबरला गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि वेगळ्या गोरखालँडची मागणी पुन्हा पेटली. ती मागणी जुनी होती, गाण्याने जन्माला घातलेली नव्हे. पण तिला माणसं मिळाली ती या मतदानात बांधलेली.

यावर उपाय सुचवले जातात. युरोपातल्या देशांच्या ‘युरोव्हिजन’ या गाण्याच्या स्पर्धेत स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. शेजारधर्माची ओरड वाढल्यावर २००९ पासून अंतिम फेरीत तज्ज्ञांच्या मंडळालाही वाटा दिला गेला. तरी ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना वरचे गुण देत राहिले, आणि त्यात तज्ज्ञांचेही गुण होते. म्हणजे कान तयार असला तरी तो कुठल्या तरी गावातच तयार झालेला असतो. ज्याचा बाब्या आधीच सगळ्या देशाचा मानला जातो, त्याला निःपक्षपाती राहणं स्वस्तात पडतं, एवढं मी म्हणू शकतो. पण त्यावरून दुसऱ्याचा पक्षपात न्याय्य ठरतो का? शिलाँगचा एकोपा आणि सिलिगुडीची संचारबंदी एकाच मोजणीच्या मागोमाग आली. पहिलं हवं असेल तर दुसऱ्याचा धोका पत्करावाच लागतो, की ती थट्टा झाली नसती तर सारं गाण्यापाशीच थांबलं असतं? दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. पारडं कुठे झुकतं ते सांगता येत नाही.