मिरजेची घाई आणि माझी वाकळ

मैत्रिणींनो, कधी मिरज जंक्शनला उतरलात तर एक गंमत अनुभवाल. आमचा रिक्षावाला "कुठं जायचं?" असं विचारत नाही, "कुठल्या दवाखान्यात?" असंच विचारतो! पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी या सगळ्या बाजूंच्या गाड्या इथं येऊन मिळतात, आणि प्रत्येक गाडीतून कुणी ना कुणी हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन उतरतंच. डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडाहून आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. मग त्यांच्या आजूबाजूला लहानमोठे दवाखाने, औषधांची दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांसाठी खाणावळी. अशा या गावात मी गेली सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी करते. माझं माहेर सांगलीचं, म्हणजे इथून जेमतेम दहा किलोमीटर.

आमच्या कामाची घाई तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ती दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसून पाहिली असेल. पण ती घाई नुसती पायांची नसते बरं का, ती मोजण्याची असते. नाडीचे ठोके मोजा, श्वास मोजा, ताप पाहा, लघवी किती झाली ते लिहा. सलाइनच्या आमच्या नेहमीच्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तेव्हा मिनिटाला किती थेंब सोडायचे याचा हिशेब डोक्यात सतत चालू. घरी आल्यावर कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मी अशाच मोजते, आणि माझी मुलगी हसते. तुमचंही निराळं काय असतं म्हणा! सकाळचा डबा, दूधवाला, शाळेची बस, सगळं घड्याळाच्या काट्यावर.

पण याच मिरजेत एक गल्ली अशी आहे, की जिथं घड्याळाला फारसं कुणी विचारत नाही. ती म्हणजे सतारमेकर गल्ली. पाहुणे आले की मी त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याला घेऊन जाते. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले, त्यांना याच दर्ग्याच्या आवारात दफन केलेलं आहे. उरुसाच्या वेळी इथं गाणं होतं, आणि मोठमोठे कलावंत सेवा म्हणून गातात. तिथून पुढं सतारमेकर गल्लीत गेलं, की दुकानांत सुकलेले भोपळे टांगलेले दिसतात. हे भोपळे भाजीचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठाला ते मुद्दाम पिकवतात.

हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम उणावलं, तसे त्यांचे पूर्वज वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढं वाद्यंच करू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला मात्र तिथली एक बारीकशी गोष्ट फार आवडते. तानपुरा पुरता तयार झाला, तारा चढल्या, तरी तो खरा बोलत नाही. मग कारागीर घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा एक साधा धागा सरकवतो. धागा केसभर पुढं, केसभर मागं; पुन्हा तार छेडायची, पुन्हा ऐकायचं. अचानक तार भरून गुंजायला लागते. त्या धाग्याला ते 'जीवा' म्हणतात. किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. कान सांगेल तेव्हा काम संपलं!

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, दिवसभरात असा एक तरी धागा आपल्या हाती असावा, की ज्याला कुणी "सिस्टर, लवकर!" म्हणणार नाही.

तो धागा पुढं मिळाला, पण फार वाईट दिवसांत. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. माझ्या भावाचं घर गावभागात. खालचा मजला पाण्यात होता. आम्ही दवाखान्यात जादा ड्यूट्या करत होतो. पाणी ओसरल्यावर रात्रपाळी उतरून तशीच सांगलीला गेले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, पोरांची वह्या-पुस्तकं यांचे ढीग. आमच्या दारापुढच्या ढिगात आईची पत्र्याची ट्रंक होती.

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ट्रंकेत तिच्या चौदा साड्या, बहुतेक सुती नऊवारी, एक इरकली. सगळ्यांवर गाळ बसलेला, रंग एकमेकींना लागलेले. वहिनी रडत म्हणाली, "वन्सं, आता याचं काय करायचं? वास सुद्धा सहन होत नाही." तिचं बरोबरच होतं. मी ट्रंक रिक्षात घातली आणि मिरजेला आणली. नेसता येणार नव्हत्या, आणि टाकवतही नव्हत्या.

आधी चार-पाच वेळा नुसत्या गार पाण्यातून काढल्या, म्हणजे गाळ धाग्यातून सुटतो. मग साबण, मग सुती तेवढ्या गरम पाण्यात. उन्हात दोन दिवस. चौदांपैकी नऊ कामाच्या निघाल्या, त्याही जागोजाग विरलेल्या.

आमच्या मागच्या घरात एक आजी राहतात. आयुष्यभर त्यांनी घरोघरी वाकळा शिवून दिल्या. (तुमच्याकडे कदाचित गोधडी म्हणत असतील, आम्ही वाकळ म्हणतो.) त्यांनी साड्या हातात घेऊन, बोटांनी चाचपून पाहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टरबाई, कापड मरतंय व्हय? बस हितं." आणि अंगणात सतरंजी टाकून मला धडा दिला.

एक नऊवारी म्हणजे सुमारे आठ मीटर. तिची चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर होतात. खाली चांगलं कापड, मध्ये विरलेलं, वर पुन्हा चांगलं. जिथं फाटलेलं तिथं दुसऱ्या साडीचं ठिगळ, आणि कडेला जुने काठ. सगळं जमिनीवर ताणून, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवून, आधी मोठाले कच्चे टाके घालायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी फेऱ्या घालत आत आत यायचं. मी माझ्या सवयीनं भराभर टाके घालू लागले, तशी आजींनी माझा हात धरला. "गडबड केलीस की कापड गोळा हुतंय. दोरा वढू नगं, नुसता जाऊ दे."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत "गडबड करू नकोस" असं मला कुणी सांगितलं नव्हतं!

माझी मुलगी म्हणाली, "अगं आई, मशीनवर एका दुपारी होईल." होईलही. गरज असेल तर मशीनवर जरूर शिवा, त्यात कमीपणा नाही. पण मला वाकळ लवकर नकोच होती. रात्रपाळी करून आलं की लगेच झोप लागत नाही. अंग थकलेलं असतं, पण कानात मॉनिटरचा आवाज चालूच असतो. पूर्वी मी त्या वेळात कपाटं आवरायची, भांडी घासायची, आणि दमून चिडायची. आता चहा झाला की दारात, उजेडाला बसायचं आणि अर्धा तास टाके घालायचे. ते टाके मी मोजत नसे. काही वेळानं श्वास आपोआप संथ व्हायचा.

मग २०२० साल आलं. कोविडच्या वॉर्डात तो पोशाख घालून सहा-सहा तास पाणीसुद्धा न पिता काम केलं. घरी आले तरी वरच्या खोलीत वेगळी राहायची. जेवणाचं ताट जिन्यात ठेवलं जायचं. वाकळ माझ्याबरोबर त्या खोलीत होती. काही दिवस असे गेले, की सकाळी वॉर्डात ज्यांच्याशी बोलले ती माणसं संध्याकाळी नव्हती. त्या दिवसांत जेमतेम एक-एक ओळ झाली. ते टाके मोठमोठे आहेत, आजही ओळखू येतात. उसवावेसे वाटले नाहीत.

त्याच खोलीत मी राजीनाम्याचा कागद लिहून गादीखाली ठेवला होता. घरातूनही "पुरे आता" असं होतंच. वाकळीनं माझी नोकरी वाचवली, असं काही मी म्हणणार नाही. पगाराची गरज होती, मुलीचं शिक्षण होतं, आणि बरोबरच्या सिस्टरांना अर्ध्यात सोडून जाववेना. पण एवढं खरं, की दिवसभर जे हात फक्त दुसऱ्यांच्या घाईसाठी होते, ते रोज अर्धा तास माझे असायचे. आईच्या साडीचा मऊपणा बोटांना लागायचा. मग दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी कुणाची तरी शीर शोधताना हात थरथरायचा नाही. कागद पुढं फाडून टाकला.

वाकळ पुरी व्हायला तीन हिवाळे लागले. शेवटचा टाका मध्यावर पडला, त्या दिवशी आजींनी ती उलटसुलट पाहिली, मोठ्या टाक्यांपाशी थांबल्या, पण काही बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात अशा साड्या असतील. "एकदा सवड मिळाली की" म्हणून ठेवलेल्या. सवड मिळत नाही, हो! ती अर्ध्या तासानं घ्यावी लागते. पहिल्यांदाच मोठी वाकळ काढू नका. बाळाचं दुपटं करा; हातभर लांबीचे चार थर पुरेत. कापड सुतीच घ्या. नायलॉन घाम टिपत नाही आणि बाळाच्या अंगाला टोचतं. बाळासाठी जुनं कापड वापरण्यापूर्वी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, दुपटं झाल्यावर पुन्हा एकदा धुवा. आणि शिवताना सुई कुठं टोचून ठेवलीत हे उठण्यापूर्वी पाहा. हे मी आई म्हणून आणि सिस्टर म्हणूनही सांगते. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंततो. बोटाला अंगुस्तान घाला. रोज फार नको. दोन ओळी झाल्या तरी वाकळ वाढतेच.

माझी ती वाकळ आता माझ्याकडे नाही. मी ती सांगलीला वहिनीला दिली. पुरानंतर तिच्या घरात सासूबाईंचं असं काही उरलं नव्हतं ना! परवा ती म्हणाली, "वन्सं, थंडीत पोरं यावरून भांडतात." मी घरी येऊन माझ्या जुन्या, ड्यूटीच्या पांढऱ्या सुती साड्या बाहेर काढल्या. पुढच्या वाकळीच्या दोन फेऱ्या झाल्यासुद्धा.