चंद्रकळेचा काळा

आयुष्यात भेटलेला पहिला काळा रंग आईने घरी केलेला. तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं घालायचं, धरलेली काजळी खरवडायची आणि तुपात कालवून डबीत भरायची. पुढे मुंबईत चित्रकला शिकताना ‘लॅम्प ब्लॅक’ची ट्यूब पिळली, तर तीच काजळी! फक्त तुपाऐवजी जवसाच्या तेलात घोटलेली. अंगचा गुणही तोच: कण इतके बारीक की चिमूटभर पडला तरी ढीगभर पांढरा निळसर करडा होतो.

‘आयव्हरी ब्लॅक’ हाडांचा. पूर्वी हस्तिदंत जाळून करत, आता जनावरांची हाडं हवाबंद भाजून. त्यात कार्बन थोडाच, बाकी बहुतांश कॅल्शियम फॉस्फेट. म्हणून तो मवाळ आणि थोडा पारदर्शक. पिवळ्या मातीत मिसळला की हिरवा दिसतो! स्वीडनचा चित्रकार आंदेर्स झोर्न निळ्याचं काम याच्याकडूनच करून घ्यायचा.

‘पॅलेटवर काळा नकोच, चित्र मरतं,’ असं विद्यार्थ्यांना अजूनही बजावलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. फ्रेंच चित्रकार माने याने १८७२ साली रंगवलेली चित्रकर्ती बर्थ मोरिसो पाहावी. टोपी काळी, पोशाख काळा, डोळेसुद्धा काळे, आणि बाई किती जिवंत!

आजीचं चित्र करायला घेतलं ते तिच्या संक्रांतीच्या चंद्रकळेसाठी. खालचा थर ‘मार्स ब्लॅक’चा दिला. हा लोखंडाच्या ऑक्साइडचा. दाट झाकतो आणि लवकर वाळतो. आयव्हरीला वाळायला फार वेळ लागतो. तो खाली जाड लावून वर भराभर रंग चढवला, तर पुढे चित्राला तडे जायची भीती. म्हणून तो वर, पातळ. खिडकीकडच्या निऱ्यांवर पांढऱ्यासोबत काजळीचा जरासा हात फिरवला, तेवढ्याने उजेड थंड झाला. घड्यांच्या आत नुसता आयव्हरी.

पदर तेवढा राहिला होता. वर्षानुवर्षं धुऊन तो खांद्यावर विटलेला, तांबूस झालेला. निळसर काळा तिथे खोटा दिसला असता. मार्स पातळ केला की आपसूक तपकिरीकडे झुकतो. तोच कापडाने पुसून विरळ केला आणि त्यावर दुसरा काळा चढवला नाही.